एक्केचाळीस सेकंदांची लिफ्ट

गुरुवारी सकाळी अकरा चाळीसला ताईने हातातली पिशवी टेबलाखाली सरकवली, खुर्ची पुढे ओढली आणि हेडफोन कानाला लावले. गेम संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा होता. खोलीतली बाकीची तिघं तिच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. मानेवर कुणी श्वास सोडत असलं की आपल्याला खेळता येत नाही, असं तिने वळून न बघता सांगितलं. तिघं दोन पावलं मागे सरकली.

ताई ही त्या तिघांपैकी एकाची थोरली बहीण. वय त्रेचाळीस, धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. एकसष्ट लिफ्ट तिच्या देखभालीखाली आहेत आणि त्यातल्या कुठल्या लिफ्टला कधी काय दुखतं हे तिला पाठ आहे. संध्याकाळी घरी आली, हाताचं ग्रीस निघालं, आईशी दोन शब्द बोलून झाले की ती व्हिडिओ गेम खेळते. दर शनिवारी सकाळी त्याबद्दल लिहिते. लिहिण्यासाठी तिने नाव घेतलंय 'मधला मजला'. लिफ्ट अडकते ती दोन मजल्यांच्या मध्ये, आणि माणूस खरा विचार करतो तोही तिथेच, असा त्यामागचा खुलासा. नऊ वर्षांत तिचा एकही शनिवार चुकलेला नाही. अकरा हजार माणसं ते वाचतात. त्यातली निम्मी तिच्याशी भांडायला येतात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर असतात.

तिची मतं गुळमुळीत नसतात. हिवाळ्यात आलेल्या एका अवाढव्य गेमचं सगळीकडे कौतुक चाललं होतं, त्याचा नकाशा ओलांडायला घोड्यावरून पाऊण तास लागतो म्हणून. तिने लिहिलं की घर मोठं आणि सामान थोडं असलं की फक्त आवाज घुमतो, तसंच हे आहे. चढायच्या प्रत्येक कड्याला पिवळा रंग फासून ठेवायच्या पद्धतीवर तिचा खास राग. खेळणाऱ्याला डोळे आहेत यावर बनवणाऱ्यांचा विश्वास उरलेला नाही, असं तिचं म्हणणं. अर्धवट गेम विकायचे आणि पहिल्याच दिवशी मूळ गेमपेक्षा मोठी दुरुस्ती पाठवायची, या नव्या रिवाजावर तिने एकच वाक्य लिहिलं होतं: आम्ही आधी माणसं चढवून मग दोर लावत नाही. ते वाक्य महिनाभर लोक एकमेकांना पाठवत होते.

पण आवडलं की ती तितकीच सुटते. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात बसून छत्र्या, चष्मे आणि किल्ल्यांचे जुडगे लावून ठेवायचे, एवढाच एक गेम वसंतात आला होता. दोघांनी मिळून बनवलेला. तो तिने तीनदा संपवला आणि सलग तीन शनिवार त्याच्यावर लिहिलं. तिसऱ्या शनिवारी वाचकांनी हात जोडले.

आणि लिफ्ट. गेममधली लिफ्ट हा तिचा प्रांत. खूप वेळा ती लिफ्ट नसतेच, पडदा असतो. दार बंद झालं की मागे संगणक पुढची जागा उचलून आणतो, ती मांडून झाली की दार उघडतं. खेळणारा आत उभा राहून भिंत बघतो. कामावरचं स्टॉपवॉच लावून तिने आजवर दोनशे बारा गेममधल्या लिफ्ट मोजल्या आहेत. यंत्रं आता इतकी वेगवान झाली की पडद्याची गरज उरली नाही, तरी बनवणारे सवयीने तो लावतात, हे तिचं यंदाचं लाडकं भांडण.

धाकट्या भावाने नेमका लिफ्टचाच गेम बनवला होता.

धाकटा छत्तीस वर्षांचा. लहानपणी घरात खेळायचा रिमोट एकच, आणि तो ताईच्या हातात. धाकटा शेजारी बसून बघायचा. बघून बघून आपण प्रोग्रामर झालो, असं तो सांगतो. तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून त्याने दोघांना बरोबर घेतलं. चित्रं काढणारी मुलगी, तिला सगळे 'रेघ' म्हणतात, कारण ती एक रेघ आठ वेळा खोडते. आणि संवाद लिहिणारे मास्तर, जे खरोखरच वीस वर्षं शाळेत शिकवत होते. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत तिघांचं बस्तान. खाली नट आवळायचं यंत्र घुर्र करायला लागलं की वर बोलणं थांबतं, ते थांबलं की वाक्य तिथूनच पुढे चालू. तिघांना याची इतकी सवय झाली होती की लक्षातही येत नसे.

गेम असा. बावीस मजल्यांची जुनी इमारत, एक लिफ्ट, आणि खेळणारा म्हणजे तिच्यातला लिफ्टमन. लोक चढतात, उतरतात, आणि जाता येता आपल्याबद्दल थोडं थोडं सांगतात. शनिवारपासून छोट्या मंडळींच्या गेमचं तीन दिवसांचं ऑनलाइन प्रदर्शन होतं. एकशे चाळीस गेम, प्रत्येकाचा पहिला तास कुणालाही खेळायला खुला. तिघांनी स्वतःला प्रदर्शनापर्यंतची मुदत दिली होती. तिथे कुणी विचारलं नाही तर गाशा गुंडाळायचा आणि ज्याने त्याने नोकरी शोधायची.

एकशे चाळिसांच्या गर्दीत विचारणार कोण? म्हणून धाकट्याने ताईला गळ घातली होती. गुरुवारी येऊन खेळ, शनिवारी लिही. चांगलं लिही म्हणत नाही, लिही. तिने हो म्हटलं, पण बजावून. दिसेल ते लिहीन, आणि तू माझा भाऊ आहेस हे पहिल्या ओळीत सांगेन. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आईला ही हकीकत कळली तेव्हा तिने आपला निष्कर्ष काढला. दोन्ही मुलं लिफ्टचंच करतात, एकीची चालते, एकाची अजून चालायची आहे.

तर अकरा चाळीसला ताईची लिफ्ट सुरू झाली.

पहिल्या दोन मिनिटांतच ती खुर्चीत पुढे सरकली. जाळीचं दार, पितळी हँडल, मजल्यांच्या आकड्यांवर फिरणारा काटा, सगळं रेघने असं काढलं होतं की हाताला तेलकट लागेल. तळमजल्यावर एक बाई चढली. हातात मासे ठेवायची काचेची बरणी, पाण्याने भरलेली, आत मासा नाही. चौदावा मजला, बाई म्हणाली. दार बंद झालं. खरं सांगू का म्हणत बाई एका दिवसाचं सांगू लागली. बरणीत मासा नाही हे सगळ्यांना दिसतं, पण विचारत कुणी नाही, असं म्हणाली. आणखी पाचसहा वाक्यं बोलली आणि गप्प झाली.

मग काही झालं नाही.

बाई बरणी धरून उभी होती. पापण्या लवत होत्या. काटा कुठेतरी सहाव्या मजल्याजवळ थरथरत होता. खालून टायरवाल्याचं यंत्र वाजलं आणि थांबलं. एकदाचं दार उघडलं. ताईने पिशवीतून स्टॉपवॉच काढलं.

पुढचा उतारू तिसऱ्या मजल्याचा. एक्केचाळीस सेकंद. त्यानंतरचा दुसऱ्या मजल्याचा. एक्केचाळीस सेकंद. एकविसाव्याचा. एक्केचाळीस. ताईने वहीत तोच आकडा तीनदा एकाखाली एक लिहिला. शेवटी रेघने विचारलं, एवढा वेळ कसा लागतोय. आवाजावरून कळत होतं की ती हे पहिल्यांदाच बघतेय.

ती तिघंही पहिल्यांदाच बघत होती. हे समजायला त्यांची कामाची पद्धत माहीत हवी. गेम बनवताना तोच मजला दिवसातून पन्नास वेळा तपासावा लागतो. दर वेळी लिफ्टने कोण जाणार? म्हणून धाकट्याने सुरुवातीलाच एक चोरवाट करून ठेवली होती. कीबोर्डवरचं वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं की थेट हव्या त्या मजल्यावर. तिघंही तेच बटण दाबत. मित्रमंडळींना तपासायला दिलं तेव्हाही वेळ वाचावा म्हणून आपुलकीने तेच बटण सांगितलेलं. मास्तर संवाद वेगळ्या खिडकीत वाचून तपासत, परीक्षेचे पेपर तपासावेत तसे. लिफ्टचा गेम बनवणारी ही मंडळी अडीच वर्षं स्वतःच्या लिफ्टमध्ये चढलीच नव्हती.

धाकट्याने दुसऱ्या संगणकावर प्रोग्राम उघडला. तीन मिनिटांत ओळ सापडली. सुरुवातीच्या जुन्या संगणकाला मजला मांडायला चाळीस सेकंद लागायचे, म्हणून त्याने दार एक्केचाळीस सेकंद धरून ठेवलं होतं. पुढे ते काम अर्ध्या सेकंदावर आलं, दार मात्र धरलेलंच राहिलं. ओळीच्या बाजूला त्यानेच स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती: तात्पुरतं, नंतर काढायचं. रेघने ती मोठ्याने वाचली. मास्तर म्हणाले की शाळेत या टिपेला आम्ही शून्य द्यायचो.

धाकट्याने तेच केलं, शून्य. बारा वाजून पाच मिनिटांनी ताई पुन्हा तळमजल्यावर. बरणीवाली बाई चढली. दार बंद झालं. लिफ्ट गोळीसारखी वर गेली.

"खरं सांगू का," बाई म्हणाली, "ज्या दिवशी यातला मासा..."

दार उघडलं. बाई उतरून गेली.

मास्तरांनी डोक्याला हात लावला. अकराशे चाळीस वाक्यं लिहिली होती त्यांनी, आणि आता कुणीच तोंड उघडायला पुरतं थांबत नव्हतं. तिघांनी तिथेच उभ्या उभ्या बैठक घेतली. निर्णय सरळ होता. ज्याचं बोलणं जेवढं, त्याची लिफ्ट तेवढी. पंधरा सेकंदांचं बोलणं असेल तर पंधरा सेकंदांनी दार. पंचवीस मिनिटांचं काम, जोखीम नाही, सहा वाजायला पुष्कळ अवकाश. धाकटा खाली मान घालून टाइप करू लागला.

या सगळ्यात ताई एक शब्द बोलली नव्हती. बाई उतरून गेली त्या क्षणी ती पडद्याकडे इतकी झुकली होती की हेडफोनची वायर ताणली गेली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या स्वतःच्या लक्षात आलं. तिने वहीत एकच शब्द लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. तो शब्द होता 'मासा'.

बारा पस्तीसला तिसरी आवृत्ती सुरू झाली. सगळं व्यवस्थित होतं. बाई चढली, बोलली, मासा, तो दिवस, त्या दिवशी काय झालं, सगळं नीट सांगून संपवलं, आणि दार उघडलं. तिसऱ्या मजल्याचा माणूस चढला, बोलला, संपला, दार. दुसऱ्या मजल्याचा. एकविसाव्याचा. एकेकजण यायचा आणि पाठ म्हणून दाखवून जायचा. ताईने दहा मिनिटं खेळून हेडफोन काढले.

धाकट्याने विचारलं, आता कसं वाटतंय.

ताई म्हणाली, शनिवारी वाच.

छत्तीस वर्षं तो हा चेहरा ओळखत होता. त्याने खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायला घेतली, मग बसलाच नाही. ती काहीतरी सांगायच्या बेतात होती हे त्याला दिसलं, आणि ती सांगेल याचीच त्याला भीती वाटली. कारण तिचा नियम त्याला माहीत होता. लिफ्टच्या धंद्यात ज्याने दुरुस्ती केली त्याने तपासणीच्या कागदावर सही करायची नसते, दुसरा माणूस येऊन करतो. ताईने हाच नियम गेमवर लिहितानाही पाळला होता. गेल्या वर्षी एका नावाजलेल्या समीक्षकाने एका गेमच्या मंडळींना आधी सल्ला दिला आणि मग त्याच गेमची तारीफ केली, तेव्हा तिने त्याला अकरा हजार लोकांसमोर उभा सोलला होता. भाऊ आहे हे पहिल्या ओळीत सांगता येतं. हात लावला तर पहिली ओळच उरत नाही.

"ताई, काही सांगू नकोस," धाकटा म्हणाला. "वाईट लिही. वाईट चालेल. वाचून भांडायला तरी लोक येतील."

ती म्हणाली की वाईट लिहिण्यासारखंही यात काही नाही. नीटनेटकं आहे. नीटनेटक्यावर भांडायला कोण येतं?

रेघ खिडकीकडे बघत होती. मास्तर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते आणि लावत होते. खाली टायरवाल्याचं यंत्र वाजत राहिलं, आणि ते थांबेपर्यंत कुणालाच बोलता येईना. पडद्यावर तळमजला होता. बरणीवाली बाई जाळीपलीकडे उभी होती. पुन्हा तेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सांगायला.

यंत्र थांबलं. ताईने वही मिटली, पेन तिच्या पानांत खोचलं आणि वही पिशवीत टाकली.

"एवढी चांगली बाई मी अशी उभी ठेवणार नाही," ती म्हणाली. "मास्तर, लिफ्टमधलं बोलणं कधी पुरं झालेलं ऐकलंय का तुम्ही?"

धाकट्याने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि खुर्चीवर बसला. पुढे तासभर ताईच बोलत होती.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. ती बावीस वर्षं लिफ्टच्या टपावर बसून खालच्यांचं बोलणं ऐकते आहे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली झाली, कुणी डॉक्टरकडून काय ऐकून आलं, सगळं तिला अर्धं माहीत आहे. अर्धंच, कारण मजला येतो. मजला माणसाच्या वाक्यासाठी थांबत नाही. दुपारी बारा पाचला बाई मासा म्हणून उतरून गेली तेव्हा या गेममध्ये पहिल्यांदा जीव आला, आणि तुम्ही तिघांनी मिळून पंचवीस मिनिटांत तो काढून घेतलात. बोलणं संपेपर्यंत अदबीने थांबणारी लिफ्ट हा पुन्हा पडदाच झाला. फक्त आता त्याला झालर आहे.

मग तिने लिफ्ट कशी चालते ते सांगितलं. अशा इमारतीतली लिफ्ट सेकंदाला एक मीटर जाते. मजला तीन मीटरचा. सुटताना आणि थांबताना दोन दोन सेकंद जास्त. चौदाव्याला सेहेचाळीस, तिसऱ्याला तेरा, दुसऱ्याला दहा. हे आकडे धरा, जे बोलून होईल ते होईल, उरलेलं पुढच्या खेपेला.

बाईची सगळी गोष्ट तर सेहेचाळीस सेकंदांच्या आतच मावते, मास्तरांनी हिशेब मांडला, मग अडणार कुठे? ताईने विचारलं की ही बाई बोलायला कधी सुरुवात करते. दार बंद झाल्या झाल्या, मास्तर म्हणाले. ताई हसली. मनातलं बोलायला माणूस अर्ध्या वाटेवर सुरुवात करतो, आधी काट्याकडे बघतो. तिला नवव्या मजल्यावर तोंड उघडू दे.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं काय, मास्तरांना काळजी. त्याचं अख्खं आयुष्य दहा सेकंदांत?

"दुसऱ्या मजल्यावरची माणसं तशीही बोलत नाहीत," ताई म्हणाली. "जिन्याने जायला हवं होतं म्हणून ओशाळलेली असतात."

मास्तरांनी हे वाक्य लगेच टिपून घेतलं.

उरलेलं पुढच्या खेपेला, हे धाकट्यालाही सोपं वाटलं. प्रत्येक वाक्याला क्रमांक होताच, जिथे दार उघडलं तो क्रमांक लक्षात ठेवायचा. पण त्याने एक शंका काढली आणि ती रास्त होती. खेळणाऱ्याने काय करायचं? बाई निघून गेली, त्याला हळहळ वाटली, ठीक. त्याच्या हातात काय?

ताईने पडद्यावर बोट ठेवलं. पितळी हँडलवर.

हँडल आतापर्यंत शोभेचं होतं. मजला निवडला की आपोआप फिरायचं. तिला कामाला लावणारे म्हातारे उस्ताद तरुणपणी हँडलची लिफ्ट चालवत असत, आणि त्यांनी तिला एक गुपित सांगितलं होतं. त्या लिफ्टला वेग दोन, पूर्ण आणि अर्धा. अर्धा वेग फक्त मजल्याजवळ येताना वापरायचा. पण उतारू काही भारी सांगत असला की लिफ्टमन मध्येच हँडल अर्ध्यावर आणायचा. कुणाला कळायचं नाही. लिफ्ट रेंगाळायची, गोष्ट पुढे सरकायची. आणि इतर मजल्यांवर ताटकळलेले लोक घंटा वाजवून वाजवून जीव नकोसा करायचे.

मग धाकटा उठला, दोन पावलं चालला, परत आला.

"म्हणजे ऐकायचं की पोचवायचं," तो म्हणाला. "दर खेपेला."

"दर खेपेला," ताई म्हणाली.

रेघने घंटा किती, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कागद ओढला. घंटा आणि तिच्या बाजूला मजल्याचा छोटा दिवा, रागावत जाणारा, आधी पिवळा मग लाल. तिने आयुष्यात पहिल्यांदा एक रेघ न खोडता काढली, असं मास्तर नंतर सांगत होते. तेव्हा एक पन्नास झाले होते.

पुढच्या चार तासांची नोंद तुकड्यातुकड्यांत ठेवावी लागेल, कारण ते तसेच गेले. मास्तरांनी संवाद उघडून प्रत्येक माणसाने कितव्या मजल्यावर बोलायला सुरुवात करायची ते ठरवलं. पेपर तपासणारा माणूस आता शाळा सुटल्यासारखा खोलीभर फिरत वाक्यं मोठ्याने म्हणत होता, आणि ताई हातातल्या स्टॉपवॉचवर बोट ठेवून दार उघडल्याचा आवाज तोंडाने काढत होती. अडीचला हँडल अर्ध्यावर आलं तेव्हा लिफ्ट उलटी खाली जाऊ लागली. सव्वातीनला ती बावीस मजले ओलांडून आभाळात गेली, बरणीसकट. रेघ हसता हसता खुर्चीवरून घसरली. चारला घंटा वाजली, पण सगळ्या मजल्यांची एकदम. साडेचारला टायरवाला वर आला. वर नाचताय का, असं विचारत होता. त्याला बसवून गेम खेळायला दिला, कारण चोरवाटेचं ते बटण माहीत नसलेला त्या इमारतीत तोच एक माणूस उरला होता. ते बटण धाकट्याने आता प्रोग्राममधूनच काढून टाकलं होतं.

टायरवाल्याने नवव्या मजल्यापर्यंत काही केलं नाही. बाई बोलू लागली तसा त्याचा हात हँडलवर गेला. त्याने ते अर्ध्यावर आणलं. सतराव्याची घंटा वाजली, मग पाचव्याची, मग पुन्हा सतराव्याची. तो पडद्याला म्हणाला, अरे थांबा की जरा. चौदावा मजला आला, बाई अर्ध्या वाक्यात उतरली, आणि टायरवाल्याने मागे वळून चौघांकडे असं बघितलं जणू ती त्यांनीच पळवली होती. परत कधी येते ती? त्याने विचारलं. खालून त्याला कुणीतरी हाका मारत होतं. तो आणखी दोन खेपा करून मगच उठला.

पाच अठ्ठेचाळीसला गेम पाठवला गेला. पाच बावन्नला पोच आली. चौघं पोचेकडे बघत बसली. मग धाकट्याला आठवलं.

त्याने विचारलं की शनिवारचं काय.

ताईने पिशवी खांद्याला लावली. शनिवारचं शनिवारी बघू, म्हणाली, आणि जिन्याने खाली गेली.

शनिवारी सकाळी अकरा हजार लोकांना 'मधला मजला'चं लिखाण नेहमीच्या वेळी मिळालं. नऊ वर्षांतलं सगळ्यात आखूड. तिने लिहिलं होतं: "आजपासून सुरू होणाऱ्या प्रदर्शनात एका लिफ्टचा गेम आहे. तो माझ्या भावाचा आहे, आणि गुरुवारी मी त्याला हात लावला. म्हणून त्याच्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही, आणि पुढेही कधी लिहिणार नाही. आज बाकीच्या एकशे एकोणचाळिसांपैकी काहीतरी खेळा." खाली तिने चार गेमची शिफारस केली होती, आणि त्यातल्या एकातल्या लिफ्टचे सेकंद दिले होते. अकरा. ठीक.

काही वाचक हिरमुसले, काहींनी नियमाचं कौतुक केलं, आणि एकाने, हा नेहमीचाच भांडखोर, लिहिलं की ही जाहिरातीची नवी तऱ्हा दिसते. ताईने त्याला उत्तर दिलं नाही. ती त्या वेळी एका कार्यालयाच्या इमारतीत, सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये, दाराची पट्टी बदलत होती.

दुपारपर्यंत धाकट्याचा फोन आला नाही. तीनलाही नाही. सव्वातीनला तिने टपावर बसून, हात पुसून, स्वतःच लावला. काय चाललंय, तिने विचारलं.

तक्रारी येतायत, धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चमत्कारिक येत होता, एकाच वेळी रडवेला आणि घाईत असल्यासारखा. सकाळपासून तीनशे दहा जणांनी गेम सुरू केला होता, आणि त्यातल्या एकशे सहाजणांनी लिहून तक्रार केली होती. त्याने एक वाचून दाखवली. "मी चाळीस मिनिटं वरखाली करतोय. बरणीवाली चौदाव्यावर उतरली ती उतरलीच. सतराव्याचा म्हातारा घंटा वाजवून मला वेड लावतोय. तिने त्या माशाचं काय केलं एवढं सांगा, नाहीतर मी झोपणार नाही." दुसरीही तशीच. तिसऱ्याने सतराव्याच्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं की पुढच्या खेपेला तोही काहीतरी सांगू लागला, आता कुणाचं ऐकू? मास्तर प्रत्येक तक्रारीला स्वतःच्या हाताने उत्तर लिहीत होते आणि माशाबद्दल अवाक्षर काढत नव्हते. रेघ तक्रारी छापून भिंतीला चिकटवत होती. तिकडे भिंत संपत आली होती.

ताई ऐकत होती. खालून कुणीतरी बटण दाबलं, लिफ्ट बंद आहे म्हणून पाटी लावली होती तरी.

"आता तू लिहिणार तर नाहीसच," धाकटा म्हणाला.

"नाही."

"मग एक विचारतो. आणखी काही खटकलं होतं का?"

ताईने फोन कानाशी दाबून पिशवीतून वही काढली. गुरुवारी सकाळी अकरा चाळीसपासून तिने जे जे टिपून ठेवलं होतं, त्यातलं निम्मंही तिने खोलीत सांगितलं नव्हतं. सांगायला वेळच नव्हता. आता वेळ होता, आणि सहीचा प्रश्न मिटला होता. पेन आहे का जवळ, तिने विचारलं.

यादी एकतीस कलमांची निघाली. पहिलं कलम दाराच्या आवाजाचं होतं, आणि ते सांगायलाच तिला अकरा मिनिटं लागली.